गोडादऱ्याचा चिखल

भाईदासनं घराचा विमा घेतला तेव्हा त्याची बायको शोभाबाई आठवडाभर हसत होती. माणसाचा विमा तिला ठाऊक होता, कारण माणूस मरतो. घर कुठं मरतं? पण भाईदासनं मनावरच घेतलं होतं. सुरतेत लिंबायतला खाडीच्या काठी घर, दर पावसाळ्यात पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन आत डोकावून जाणार, आणि घरात योगिताचं शिलाई मशीन. पोरगी त्यावर साड्यांना फॉल लावून घर चालवायला हातभार लावत होती. ते मशीन बुडालं तर दुसरं कुठून आणायचं, हा एकच घोर त्याला होता.

पॉलिसी दिली सुकदेवनं. तो शिरपूरकडचा गाववाला, मिलमध्ये कारकून आणि उरल्या वेळात विमा एजंट. "भाऊ, आग, वादळ, पूर, समदं यामा शे," असं म्हणत त्यानं कागद पुढं केला.

"पाणीले वाचता येस का हाऊ कागद?" शोभाबाईनं विचारलं. सुकदेवनं सहीची जागा दाखवली.

पाणी आलं ते चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर चौथ्या पावसाळ्यात. भरदुपारी खाडी घरात शिरली आणि बोलावल्यासारखी दोन दिवस राहिली. सगळे शेजारच्या गच्चीवर. पाणी उतरलं तसा भाईदास, सांगायलाही लाज वाटते, मनातून खुश झाला. गल्ली कपाळाला हात लावून बसलेली आणि याच्या खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पॉलिसी! त्यानं सुकदेवला गाठून अर्ज केला. पाच दिवसांनी सर्व्हेअर येणार असं कळलं. "कंपनीना साहेब यी राह्यना," एवढंच घरी सांगून, योगिताला गावी धाडून तो कारखान्यातलं पाणी उपसायला गेला. शेठनं सगळ्या कारागिरांना तिथंच डांबून ठेवलं होतं.

इथंच त्याचं चुकलं. खानदेशी बाईला पाहुणा येतोय म्हणून सांगायचं आणि कशाला येतोय ते सांगायचं नाही, म्हणजे काय होणार?

पाचव्या दिवशी तो परतला तर ओळखू येईना की घर आपलंच. भिंतींना चुना, फरशीत तोंड दिसेल अशी लकाकी, फिनेलचा वास, शेजाऱ्याकडून मागून आणलेली कोरी चादर आणि स्टोव्हवर शेवभाजी. फुगलेला पलंग, टीव्ही, गोधड्या, गंजून अडकलेलं मशीन, सगळं भंगारवाल्याच्या हातगाडीवरून रवाना झालेलं.

"पाव्हना यी राह्यना नि घरमा गारा ठेवू?" शोभाबाई म्हणाली.

 साहेब नुकसान बघायला येणार आणि नुकसान तर बाईनं घासूनपुसून गटारात सोडलेलं. दोन तास उरले होते. चिखल पाहिजे होता, तिचा तो गारा. पण प्लेगनंतर म्युनिसिपालिटी अशी इरेला पेटली होती की पाणी उतरायचा अवकाश, झाडूवाल्यांनी गल्ली लख्ख केली होती. शेजारच्या दगाकडे भाईदासनं घमेलंभर गारा मागितला. पूर याच्या डोक्यात गेला, अशा नजरेनं दगानं त्याच्याकडे बघितलं.

मग त्याला गोडादरा गाव आठवलं. ते हद्दीबाहेर, तिथं म्युनिसिपालिटीचा झाडू पोचत नव्हता. सायकल दामटत तो मेव्हणी सरलाबाईच्या दारात गेला आणि गोणीभर चिखल भरून घेतला. तिनं कारणही विचारलं नाही. उलट आणखी देऊ केला, "आखो लागना ते ली जा."

तो बाहेरच्या खोलीत चिखल पसरत होता तेवढ्यात साहेब दारात उभे राहिले, आणि मागच्या दारानं पाण्याचा तांब्या घेऊन शोभाबाई.

"ओ योगिताना बाप! मना घरमा परका गावना गारा?"

साहेब पिकलेले सुरती गृहस्थ. त्यांनी वाकून चिमूटभर चिखल उचलला आणि बोटांत चोळला. "आ माटी क्यांनी छे, भाई? ये तो खेत की काली मिट्टी है. तुम्हारी गली में तो मिलों का रंगीन पानी आया था. सबकी दीवारें जामुनी हैं, और तुम्हारी सफेद?" त्यांनी फाईल मिटली. "झूठा क्लेम."

 खरा पूर, खरं पाणी, आणि खोटा ठरला भाईदास, तोही स्वतःच्या हातानं. योगिताला काय सांगणार होता तो?

शोभाबाईनं तांब्या खाली ठेवला. बांगड्या वर सरकवल्या आणि दोन्ही हात थेट साहेबांच्या नाकासमोर धरले.

"घर धोया, साहेब. ये नहीं धुला."

कोपरापर्यंत हात जांभळे होते. नखं काळीनिळी, सोड्यानं बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या. पाच दिवस ती एकटी ते पाणी आणि तो रंग उपसत, खरवडत होती. आल्यापासून भाईदासनं भिंती बघितल्या, फरशी बघितली, तिच्या हातांकडे बघितलंच नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "क्या क्या गया, बेन?"

ती सांगू लागली. पलंग, टीव्ही, पाच गोधड्या. मशीनपाशी आली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा रडली, भोकाड पसरून, पाहुण्यासमोर. साहेबांनी फाईल उघडली आणि "शिलाई मशीन, एक" असं लिहिलं.

भाईदासनं गुपचूप झाडू उचलला आणि गोडादऱ्याचा चिखल काढायला बसला.

"तो कोपरा राह्यना," डोळे पुसत शोभाबाई म्हणाली.