पहिली पसंती

थोरलीने डबा टेबलावर पालथा केला आणि घड्या घातलेल्या तेवीस चिठ्ठ्या मोजून घेतल्या. छापखाना सहकारी, म्हणजे कामगारच मालक, आणि दर तीन वर्षांनी अध्यक्षही त्यांनीच निवडायचा. थोरली प्रुफं तपासायची. चुका शोधण्यात पटाईत, म्हणून मतमोजणी कायम तिच्याच गळ्यात पडायची. या खेपेला तिची सख्खी धाकटी बहीण उभी होती, तरी कुणी हूं की चूं केलं नाही.

उमेदवार तीन: मशीन चालवणारी धाकटी, गोदामवाला आणि बांधणी खात्यातले डिंककाका. प्रत्येकाने तिन्ही नावांपुढे एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालायचे. निम्म्याहून जास्त जणांनी एकालाच पहिली पसंती दिली, तर तिथेच निकाल. नाहीतर सगळ्यांत मागे असलेला गळतो आणि त्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीप्रमाणे उरलेल्या दोघांना मिळतात.

धाकटी येणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. कागदाला घड्या घालणाऱ्या सहाजणी वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबत होत्या. त्यांना सभासद करून घेणारच, असं तिने छातीठोकपणे सांगितलं होतं. डिंककाकांना ते पसंत नव्हतं. "घर आधीच लहान, त्यात पाहुणे कशाला?" म्हणायचे. पण त्यांचं बोलणं मनावर घेतंय कोण! चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं शिवली, एकदा आपलंही कागदावर छापून येऊ दे, एवढ्याच हौसेने ते उभे राहिले होते.

म्हाताऱ्याला एकही मत पडलं नाही तर तो खचेल, या विचाराने थोरलीचा जीव कळवळला होता. आपलं एक पहिलं मत काकांना दिलं तर काय बिघडतंय? धाकटीला दुसरं आहेच की, ते कुठे पळून जातंय!

चिठ्ठ्या उघडू लागल्या, आणि डिंककाकांचा गठ्ठा वाढतच चालला. पाच, सात, नऊ. दर चिठ्ठीवर अक्षर वेगळं, पण काकांपुढे एक आणि धाकटीपुढे दोन. बारावी चिठ्ठी थोरलीची स्वतःची होती. ती हातात धरून ती जरा थांबली. मग गठ्ठ्यावर ठेवली आणि सगळी मतं पुन्हा मोजली.

"काका बारा, धाकटी आठ, गोदामवाला तीन. काका निवडून आले."

"अहो, पण काकांच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर दुसरी पसंती धाकटीच आहे!" गोदामवाला म्हणाला.

"ती बघायची वेळच आली नाही."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढा जीव लावता होय रे मला!" ते म्हणाले. लोक एकमेकांची नजर चुकवत होते. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि ओशाळलेल्या सगळ्यांनी जरा जास्तच जोरात वाजवल्या.

बहिणी हात धुवायला मागच्या नळावर गेल्या.

"एक मत इकडचं तिकडे झालं असतं ना, तर गोदामवाल्याच्या तिन्ही चिठ्ठ्या तुझ्याकडे वळल्या असत्या," थोरली म्हणाली. "ते एक मत माझं होतं गं."

धाकटी हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "गप गं ताई. माझंही त्यांनाच होतं. स्वतःलाच एक नंबर द्यायचा म्हणजे कसंतरीच वाटलं मला."

तेवढ्यात मागचं दार ढकलून घड्या घालणारी म्हातारी मावशी आत आली. सभेत बसायची परवानगी सभासदांनाच, म्हणून त्या सहाजणी सकाळपासून अंगणात थांबल्या होत्या.

"काय टाळ्या वाजल्या गं बाई!" मावशीने धाकटीचे ओले हात आपल्या हातांत घेतले. "आम्ही बाहेर नाचायच्याच राहिलो. मग आमची नावं कधी घालतेस?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने नळ बंद केला.

"मावशी," ती म्हणाली, "त्या टाळ्या काकांसाठी होत्या."