जमीन नवऱ्याची, घर योपचं

शुक्रवारी आमच्या किनाऱ्यावर घरोघरी मुगाची पातळ आमटी असते. पानिंगने दारच्या शेवग्याचा पाला काढून आणला होता आणि पायरीवर बसून ती देठं वेगळी करत होती. तिचा डावा कोपर सरळ होत नाही, म्हणून टोपली मांडीत धरून एका हातानेच तिचं काम चालतं. समोर योप पटाशीला धार लावत होता. सकाळी दोघं शहरात वकीलबाईंकडे जाऊन आली होती आणि आल्यापासून कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

"मीठ बेतानं घाल. डॉक्टर काय म्हणाले?" योप म्हणाला.

"एवढं सांगायलाच तोंड उघडलंस होय?"

योप मूळचा हॉलंडचा, होड्या बांधणारा सुतार. आमची भाषा तो अजून अडखळत बोलतो, पण माडी आमच्यासारखीच पितो. पानिंग एका खानावळीत रांधायची, तिथे दोघांची ओळख झाली. त्याला आता अठरा वर्षं झाली. लग्न मात्र झालं नाही. होणार कसं? पानिंगचं लग्न आधीच झालेलं होतं. नवरा क्रिसान्तो तिचा कोपर मोडून दुसऱ्या बाईबरोबर निघून गेला, तो गेलाच. आमच्या या बेटांच्या देशात आम्हा ख्रिस्ती लोकांना कायद्याने घटस्फोट नाही. नवरा जातो, लग्न जात नाही.

आणि परदेशी माणसाला आमच्याकडे जमीन घेता येत नाही. म्हणून योपने साठवलेल्या पैशातून समुद्राकाठचा हा तुकडा घेतला तो पानिंगच्या नावावर. कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, लग्न झालंय का? बिचारी खरं बोलली. कारकुनाने तिच्या नावापुढे लिहिलं, क्रिसान्तोची पत्नी. त्या दिवशी दोघं आनंदात घरी आली आणि त्यांनी शेजाऱ्यांना केळीच्या पानातला चिकट भात वाटला.

गेल्या महिन्यात पानिंग भर बाजारात मासळीच्या पाट्यांमध्ये कोसळली. हृदयाची झडप गेली आहे म्हणे. मरणाची तिला भीती नव्हती. पण आपल्यामागे या म्हाताऱ्याला कोण घराबाहेर काढील, या विचाराने तिचा डोळ्याला डोळा लागेना. म्हणून वकीलबाई.

वकीलबाईंनी काही लपवलं नाही. पानिंग गेली की जमिनीवर पहिला हक्क क्रिसान्तोचा. जिवंतपणी विकायची किंवा कुणाला द्यायची, तरी क्रिसान्तोची सही हवी. मृत्युपत्र केलं तरी परदेशी माणसाला जमीन मिळणार नाही. लग्नच रद्द करून घ्यायचं, तर नवरा लग्नाच्या दिवशीच मनाने संसाराला नालायक होता हे कोर्टात सिद्ध करायचं. मानसतज्ज्ञ, साक्षीदार, तारखांवर तारखा.

"वेडा नव्हता हो तो," पानिंग म्हणाली होती. "दुष्ट होता. दुष्टाला काही कलम नाही का?"

"आहे. पण त्यासाठी तेव्हाच यायला हवं होतं. आणि त्यानंही लग्न मोडत नाही, नुसती चूल वेगळी होते."

"चूल तर त्यानंच वेगळी केली."

वकीलबाईंनी घराचे कागद पुढे ओढले. मग म्हणाल्या, "योप सर, घर मात्र तुमचं आहे. बांधकामाची परवानगी तुमच्या नावाची आहे, आणि इमारत परदेशी माणसाची असायला हरकत नाही. फक्त जमीन तुमची नाही."

जमिनीशिवाय घर घेऊन काय करायचं, हे त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही.

एकच वाट राहिली, क्रिसान्तोची सही. ती मिळाली तर जमीन योपला लांब मुदतीच्या भाड्याने देता आली असती. आमच्या प्रार्थनामंदिरातल्या लुर्देसबाईंनी निरोप पोचवायचं पुण्यकर्म अंगावर घेतलं आणि रविवारच्या प्रार्थनेनंतर त्याला सोबतच घेऊन आल्या. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, एक पाय साखरेच्या रोगाने सुजलेला. तो सरळ योपच्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसला. पानिंगने भात आणि तळलेली मासळी वाढली. वाढताना तिचा वाकडा कोपर त्याच्या नाकासमोरून गेला. त्याने मासळीकडे पाहिलं.

"झकास बांधलंय घर," जेवण झाल्यावर तो म्हणाला. "वारा चांगला येतो."

"सहीचं काय ते बोल," पानिंग म्हणाली.

"देतो की सही. माझं काय जातंय? फक्त मला इथं राहू दे. त्या बाईनं आणि पोरांनी हाकललं मला. पाय असा. या वयात बायकोनं नाही बघायचं तर कुणी?"

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

"आणि योप?"

"त्याला कोण जा म्हणतंय? मागं खोली आहे ना ती हत्यारांची. राहील तिथं."

लुर्देसबाई पुढे सरसावल्या. "पानिंग, देवानं जोडलेलं आहे हे. बाप्या परत आलाय, दार लावू नकोस. आणि एका सहीचा तर प्रश्न आहे. हो म्हण नि मोकळी हो."

"तुम्ही मोकळ्या व्हाल, लुर्देसबाई," शेजारची पेत्रा दारातून म्हणाली. ती कोणाच्याही घरात दारातूनच बोलते. "त्याचा पाय कोण धुणार? तुम्ही का?"

"तू गप. तुझा नवरा जहाजावर गेला तो तुझ्या या जिभेमुळे."

पेत्राचा नवरा जहाजावर गेला त्याला इतकी वर्षं झाली, की त्यावर कुणी हसत नाही.

तेवढ्यात योप बोलला. तो बराच वेळ उंबऱ्यावर उभा होता, कारण त्याच्या खुर्चीत दुसरा बसलेला होता. "पानिंग, मी राहतो मागच्या खोलीत. मला चालेल. हत्यारं मी एका बाजूला करीन."

हे तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो थकून बोलला. जन्मभर स्वतःच्या हाताने काम केलेला माणूस स्वतःच्याच घरात कोपरा मागत होता, आणि तोही तिला त्रास नको म्हणून. पानिंग त्याच्याकडे बघत राहिली. भीक नको पण कुत्रं आवर, अशी तिची गत झाली.

ती भिंतीला धरून उठली. "क्रिसान्तो, जमीन कुणाची?"

"आपली दोघांची. कागदच तसं बोलतो."

"आणि हे घर?"

तो हसला. "जमिनीवर आहे ते जमिनीचं."

"नाही. वकीलबाईंना विचारून आलेय मी. घर त्याचं आहे. तुझी सही नको मला, तुझ्याकडेच ठेव. जमिनीवर बसायचंय ना तुला? बस. घर आम्ही नेतो."

"नेता म्हणजे? घर काय टोपली आहे?"

"योप, खिळे किती मारलेस रे?"

योपच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काही हललं. "खिळे नाहीत," तो म्हणाला. "होडीत खिळा मी मारत नाही. सगळं बोल्ट आणि खुंट्या."

पेत्राची परसातली जागा रिकामी पडून होती. ती म्हणाली, "आणा. मला एकटीला एवढ्या जागेचं काय करायचंय?"

सोमवारी सकाळी सारा किनारा आला. आमच्याकडे घर हलवायचं म्हटलं की लोकांना बोलवावं लागत नाही. योप कुठला बोल्ट आधी आणि कुठला मागून ते सांगत होता आणि प्रत्येक फळीवर कोळशाने खूण करत होता. भिंती गेल्या, जिना गेला. हलकं स्वयंपाकघर बांबूंवर घालून माणसांनी खांद्यावरून अख्खंच नेलं. आत चूल होती आणि कुणीतरी विसरलेलं मांजर. पानिंगला कामाला हात लावायची मनाई होती, म्हणून ती पेत्राच्या ओट्यावर बसून मूग निवडत होती. सोमवारी मूग कशाला, असं कुणी विचारलं नाही.

क्रिसान्तो बदामाच्या झाडाखाली बसून होता. दुपारपर्यंत त्याच्या कायदेशीर मालमत्तेत खांबांखालचे दगड आणि शेवगा एवढंच उरलं. उन्हं कलली तेव्हा लुर्देसबाई आल्या आणि त्याला रिक्षात घालून स्वतःच्या घरी घेऊन गेल्या. देवाने जोडलेलं आता त्या सांभाळताहेत. फार दिवस सांभाळतील असं मला वाटत नाही.

इथे गोष्ट संपवता आली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण पुढच्या आठवड्यात पेत्राच्या जागेचा लांब मुदतीचा भाडेकरार पक्का करायला तिघं वकीलबाईंकडे गेली. परदेशी माणसाला जमीन भाड्याने घेता येते, त्यात अडचण नव्हती. वकीलबाईंनी पेत्राचे कागद चाळले आणि त्या थांबल्या.

"पेत्रा, नवरा कुठं असतो तुझा?"

"जहाजावर."

"कुठल्या?"

पेत्राला सांगता येईना.

"इतक्या वर्षांचा करार म्हणजे त्याची सही लागेल," वकीलबाई हळूच म्हणाल्या.

परत आल्यावर रिक्षातून उतरताना पेत्रा म्हणाली, "राहा तुम्ही. तो आला तर बघू. आला तर मलाही बघायचाच आहे."

आमच्या एका गल्लीत अशा सात बायका मला माहीत आहेत. त्या स्वतः राबतात, स्वतःचं छप्पर शाकारतात, आणि त्यांच्या नावापुढे अशा माणसाचं नाव आहे, ज्याचा चेहराही त्यांच्या पोरांना आठवत नाही. राजधानीत दर निवडणुकीला या कायद्यावर चर्चा होते, आणि मग कुणीतरी उठून कुटुंब वाचवायची भाषा करतं. कुठलं कुटुंब, ते त्यांनी एकदा आमच्या गल्लीत येऊन दाखवावं.

योपचं घर आता पेत्राच्या परसात उभं आहे. पानिंग खिडकीपाशी बसून धाप लागेपर्यंत शेवग्याची देठं काढते. आणि दर महिन्याला योप तेलाचा डबा घेऊन घराभोवती फिरतो, एकेक बोल्ट थोडा सैल करतो, तेल घालतो आणि पुन्हा आवळतो. गंजलेला बोल्ट वेळेला उघडत नाही, म्हणतो.