मुलीच्या आईचं दूध

रत्नम्माला मुलगी झाल्याचं कार्ड तिच्या माहेरून, मंद्रूपहून, आलं तेव्हा तिच्या नवऱ्याने, गुरुलिंगाने, ते दुकानातच मोठ्याने वाचलं. त्याच्या आईने, कमलम्माने, ते हातात घेऊन उलटं करून पाहिलं, जणू मागच्या बाजूला काही वेगळं निघेल. मग ते ज्वारीच्या पोत्यांमागे भिंतीच्या फटीत खोचून टाकलं. गल्लीत बर्फी वाटली नाही. नळावर शेजारच्या निंगव्वाने विचारलं तर म्हणाली, "सुटली बिचारी. पुढच्या खेपेला बघू की."

तीन महिन्यांनी रत्नम्मा सोलापूरला परत यायला निघाली, तेव्हा तिच्या वडिलांनी नातीला काट्यावर ठेवलं. मंद्रूपच्या बाजारात भुसाराचं दुकान चालवणारा माणूस. माया करायची ती तोलूनच. एका पारड्यात दुपट्यात गुंडाळलेली अक्कम्मा, दुसऱ्यात तेवढंच दुसरं दुपटं आणि त्यावर गूळ. काटा मधोमध आला तसा त्यांनी तो गूळ पांढऱ्या धडप्यात बांधला आणि लेकीला म्हणाले, "श्रावणातल्या सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळात अक्कूच्या नावाने वाट. वाटायच्या आधी पुन्हा तोल. तोवर लेकरू वाढलं असेल, तेवढा गूळ वर घालायचा. आपल्या घरची रीत हाय ती."

कमलम्माने ते गाठोडं कोठीच्या फळीवर टाकलं. "मुलीचा गूळ. त्याला कसली घाई."

श्रावणातला पहिला सोमवार गेला. दुसराही गेला.

एकाहत्तर सालच्या त्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली होती. मिलच्या भोंग्यावर निघालेली माणसं रुमालाने डोळे टिपत चालायची, शाळेत निम्मे बाक रिकामे. निंगव्वाचे डोळे एका सकाळी असे चिकटले की भिंतीला हात लावत लावतच ती कमलम्माच्या उंबऱ्याशी आली. म्हणाली, डोळ्यांवर अंगावरच्या दुधासारखं औषध नाही. त्यातही मुलाच्या आईचं दूध उष्ण पडतं. मुलीच्या आईचं थंड. त्यातही पहिलटकरणीचं मिळालं तर विचारायलाच नको.

अक्कू जन्मली त्या दिवशी हे ज्ञान गल्लीत कुणालाच नव्हतं.

रत्नम्माने आत जाऊन वाटीत चार धारा काढून दिल्या. शेजारीण आहे, दुखतंय, त्यात वाईट वाटण्यासारखं काय. चौथ्या दिवशी निंगव्वाचे डोळे उघडले. त्या साथीत सगळ्यांचेच डोळे चौथ्या-पाचव्या दिवशी उघडत होते, अगदी नुसतं पाणी मारणाऱ्यांचेसुद्धा. पण निंगव्वाने ते नळावर जाऊन सांगितलं, आणि नळावर सांगितलेलं दुपारपर्यंत पेठेत पोचतं.

दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या फुलपात्र, कुणी औषधाची रिकामी बाटली धुऊन आणलेली. आणि उंबऱ्यावर पाट टाकून, पातेलं पुढ्यात घेऊन, पळीने वाढायला बसली कमलम्मा. उसनी दिलेली साखर परत घेताना वाटी बोटाने सपाट करून घेणारी बाई ती. पण हे वाढताना तिचा हात असा सैल सुटला की बघत राहावं. एकाला पळीभर पुरलं असतं तिथे दोन पळ्या. "ने की, घरात अजून कुणाचे आले तर?" कापसाच्या बोळ्याला ने, कानाला ने, म्हातारीच्या तळपायाला चोळायला ने. दुसऱ्याच्या अंगातलं द्यायचं असलं की माणूस किती मोठ्या मनाचा होतो, हे रत्नम्मा दाराआडून रोज बघत होती.

फुकट मात्र काही जात नव्हतं. नळावर आता कमलम्माची घागर आधी भरायची. भाजीवाली जुडीवर जुडी टाकायची. तीस वर्षं जिला गल्ली 'ती चिक्कट' म्हणत होती, तिला आता लोक वाकून नमस्कार करत होते. जिचं दूध तिला कुणी विचारत नव्हतं. रांगेतल्या एकीने तर रत्नम्माला आत बघून सांगितलं, "नशीबवान हाईस. अशी सासू मिळाली."

दिवसाच्या धारा पुरेनात, तेव्हा कमलम्माने औषधांच्या दुकानातून पंप आणवला. काचेची वाटी, तिला पोट आलेलं, आणि टोकाला तांबडा रबरी फुगा. तो ती रत्नम्माच्या अंथरुणाशी ठेवून गेली. "रात्री पान्हा दाटतो. दोनदा उठून काढून ठेवत जा. सकाळी लोक ताटकळतात."

"आणि अक्कू उठली तर, अत्ती?" तिने सासूला विचारलं.

"मी हाय की. तू निवांत काढ."

तेव्हापासून रात्र अशी जायची: रत्नम्मा भिंतीला टेकून फुगा दाबतेय, सोडतेय, काचेत थेंब थेंब साचतंय; पलीकडच्या खोलीत अक्कू रडतेय, आणि मग एकदम गप्प होतेय. रडं ऐकून पान्हा जास्तच फुटायचा. तो लेकराच्या रडण्याने आलेला पान्हा काचेत जायचा आणि काचेतला पातेल्यात. अक्कू गप्प कशाने होते, हे चौथ्या रात्री तिने उठून पाहिलं. सासूच्या मांडीवर लेकरू, आणि तोंडात साखरेच्या पाण्यात बुडवलेलं फडकं.

"बघ, कशी राहिली," कमलम्मा म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही.

लेकराला न्हाऊ घालायला येणारी बजाबाई मूळची मोडनिंबची. पन्नासभर पोरं तिच्या हाताखालून गेलेली. तिने एका सकाळी अक्कूला पायांवर उताणं घेतलं, तेल लावता लावता मांडीशी थांबली आणि बोटाने पुन्हा पुन्हा तीच जागा दाबून पाहिली.

"हितं दोन वळ्या हुत्या," ती म्हणाली. "आता येकच हाय. ती बी ढिली."

"उंचीत जात असेल," कमलम्मा दारातून म्हणाली. "आणि हिचं दूधच अंगी लागत नाही. मंद्रूपचं खारं पाणी पिऊन वाढलेली ती."

बजाबाईने कोनाड्यातल्या पंपाकडे पाहिलं. "आन् ह्यो काय? यष्टीचा भोंगा काढून आणला व्हय?"

"दूध काढायचा हाय तो."

"मग आवं बाई, सगळ्या गल्लीच्या डोळ्याला लागतंय आन् पोटच्या लेकीलाच लागंना? लई हुशार दूध म्हनायचं. मानसं वळखतंय."

कमलम्मा त्या दिवशी बजाबाईला चहा न विचारताच आत गेली.

रत्नम्मा मात्र ते वाक्य दिवसभर घोळवत राहिली. तेच दूध गल्लीत अमृत, आणि घरात निःसत्त्व. संध्याकाळी ती परसात गेली तर कमलम्मा उरलेलं पातेलं मोगऱ्याच्या बुंध्याशी ओतत होती. "नासलं," ती सहज म्हणाली. "आज लोक कमी आले."

मोगरा चांगला फोफावला होता. त्या पावसाळ्यात त्या घरात वजन वाढलं ते एका मोगऱ्याचं.

रात्री रत्नम्माने नवऱ्याला सांगितलं. साखरेचं पाणी सांगितलं, मांडीवरची वळी सांगितली, मोगरा सांगितला. गुरुलिंग वाईट माणूस नव्हता. गिऱ्हाइकाला दाणाभर कमी द्यायचा नाही, जास्तही नाही, आणि आईला उलट उत्तरही नाही. तो छताकडे बघत म्हणाला, "साथ ओसरेल की आता. चार दिवस कळ काढ. अव्वाला कोण सांगणार?"

"मी सांगते."

"तू सांगितलंस तर ती ऐकायची नाही."

"मग काय केलं तर ऐकेल?"

गुरुलिंग कूस बदलून झोपला. रत्नम्माने फुगा दाबायला घेतला, आणि दाबता दाबता तिला फळीवरचं गाठोडं आठवलं.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी सकाळी चनबसप्पा स्वतः आले. तेलाचे मोठे व्यापारी, पेठेत त्यांचा शब्द चालायचा, आणि आजवर या घराची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती. त्यांच्या घरातल्या सात जणांचे डोळे आले होते. सातही जणांसाठी चांदीच्या वाटीतून दूध गेलं होतं. ते दुकानातल्या गादीवर टेकले. बाहेर रांगेतली माणसं वाट्या घेऊन उभी होती, ती जवळ सरकली. चनबसप्पांनी पिशवीतून इरकली साडी काढली आणि कमलम्माच्या ओटीत घातली.

"अक्का, तुमच्या हाताला गुण हाय. पेठेने तुमचं नाव घ्यावं असं काम केलंत."

"माझं काय त्यात," कमलम्मा म्हणाली, आणि साडीचा पदर उलगडून काठ बघू लागली. "देवाने दिलंय, आपण वाटायचं."

रत्नम्मा आतल्या दारात उभी होती. कडेवर अक्कू, हातात पांढरं गाठोडं. एवढ्या माणसांसमोर ती दुकानात कधी आली नव्हती. आली ती सरळ काट्यापाशी.

"अत्ती, वाटायचंच म्हणता तर आज अक्कूचा गूळही वाटू. शेवटचा सोमवार हाय. वडिलांनी सांगितलंय, आधी पुन्हा तोलायचं. लेकरू जेवढं वाढलं तेवढा गूळ वरून घालायचा."

आता चनबसप्पांसमोर नाही कसं म्हणणार? कमलम्माने लगेच मोठेपणा घेतला. "अगं, मग तोल की. गुरुलिंगा, आतली ढेप फोड. किलोभर काढून ठेव. दोन काढ. आपल्या अक्कूला काय कमी हाय?"

गुरुलिंगाने गूळ फोडून ताटात ठेवला. एका पारड्यात दुपटं, त्यावर मंद्रूपचा गूळ. त्याच्या एका कोपऱ्याला मुंग्या लागल्या होत्या. खळगा दिसत होता. दुसऱ्या पारड्यात तेवढंच दुपटं, त्यावर अक्कू. रत्नम्माने हात काढून घेतला.

गुळाचं पारडं खाली गेलं.

अक्कू वर उचलली गेली, आणि तिथून ती रांगेतल्या माणसांकडे टकामका बघायला लागली. किलो-दोन किलोचं ताट तिथेच पडून होतं.

"दीड महिना झाला," रत्नम्मा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट दुकानात भाव सांगावा तसा सरळ होता. "गूळ मुंग्यांनी खाल्ला, तरी जड. पोरगी अंगावर पिते, तरी हलकी. आता वरून किती घालू, अत्ती?"

कमलम्माने साडी मांडीवर दाबून धरली. इकडे तिकडे पाहिलं. आणि जे तोंडाला आलं ते बोलून गेली, "काट्यात फेर असेल."

एवढ्यावर गुरुलिंगाचा चेहरा तांबडालाल झाला. साखरेच्या पाण्याला नाही झाला, मोगऱ्याला नाही झाला, बायको रात्र रात्र जागली त्यालाही नाही. पण दारात बारा-पंधरा गिऱ्हाइकं उभी, गादीवर चनबसप्पा, आणि घरचंच माणूस म्हणतंय की काट्यात फेर हाय.

"अव्वा," तो म्हणाला, "आपल्या काट्यात फेर नाही."

"मी म्हणते, असेल एखाद..."

"नाही." त्याने अक्कूला उचललं, गूळ काढला, नुसती पारडी दाखवली. दुपट्याला दुपटं, काटा मधोमध. मग त्याने वजनं काढून गूळ तोलला, पोरीला तोललं, चनबसप्पांना काट्यापाशी बोलावून दाखवलं. "अर्ध्या किलोने कमी भरली. बघून घ्या. ह्या दुकानात कमी भरलं तर कमी म्हणतात."

रत्नम्मा त्याच्याकडे बघत राहिली. तिच्यासाठी न फुटलेलं तोंड काट्यासाठी फुटलं होतं. मनात तिने ते मांडून ठेवलं. वेळ आली की काढायला. आजच्या दिवशी मात्र ते तिच्या कामाचं होतं.

चनबसप्पांनी खाली बघून घसा साफ केला. "आम्हाला वाटलं, जास्तीचं असेल ते."

"तुम्ही विचारलं कुठं?" ती म्हणाली. "रोज चांदीची वाटी यायची. वाटीबरोबर कुणी एकदा विचारायचं, लेकरू प्यालं का."

साडी कमलम्माच्या मांडीवर होती. दिलेली परत चनबसप्पांना मागता येईना, आणि तिला ती सोडवेना. तशीच राहिली. पुढे उघड्या डोळ्यांनी सगळ्या गल्लीने बघितलं, गौरीला ती तीच साडी नेसली.

रांगेतली एक म्हातारी हळूच म्हणाली, "मग गुळातला अर्धा किलो काढा आणि वाटून टाका. वेळ जायला नको सोमवारची."

"गूळ कमी करायचा नाही," रत्नम्मा म्हणाली. तिने गाठोडं पुन्हा बांधलं, गाठ दातांनी ओढून घट्ट केली. "पोरगी भरायची. भरली की वाटू. सोमवार काय, दर आठवड्याला येतोय."

तिथेच, काट्याशेजारच्या पोत्यावर, पदर पुढे ओढून ती अक्कूला घेऊन बसली. चनबसप्पा चपला शोधायला लागले. रांगेतली माणसं वाट्या पालथ्या धरून कुणाकडे बघावं ते न कळून उभी राहिली.

"अत्ती," ती मान वर न करता म्हणाली, "पातेलं घासून कोठीत ठेवा. साकु आता."

कन्नडमधलं ते 'पुरे' त्या घरात आजवर फक्त कमलम्मा म्हणत आली होती, वाढताना, देताना, सुनेचा हात डब्यात असताना. सुनेच्या तोंडून ते तिने पहिल्यांदा ऐकलं आणि पातेलं उचललं.

दुसऱ्या सकाळी निंगव्वा दारात आली. आता तिच्या सुनेचे डोळे आले होते. उंबऱ्यावर पाट नव्हता. आत बजाबाई अक्कूला तेल लावत होती आणि रत्नम्मा बाजूला बसली होती.

"थोडंसं, कापसापुरतं," निंगव्वा म्हणाली.

"देते की," रत्नम्मा म्हणाली. "हिचं होऊ दे आधी. बसा."

निंगव्वा बसली. अंघोळ झाली, धुरी झाली, अक्कू प्यायला लागली. एक बाजू झाली, दुसरी झाली. मध्येच डोळा लागला तिचा, मग पुन्हा जागी होऊन प्यायली. ऊन उंबऱ्यावरून आत आलं. निंगव्वाने दोनदा पदर सारखा केला.

"लई वेळ पिते की गं."

"व्हय," बजाबाई म्हणाली. "मागलं बी भरून काढायचंय तिला."

शेवटी कापसाचा बोळा भिजेल एवढं निघालं. रत्नम्माने ते वाटीत दिलं आणि विचारलं, "निंगव्वा, बर्फी आवडते का तुम्हाला?"

"आवडते की. का?"

"आमच्याकडून यायची राहिलीय," ती म्हणाली, आणि अक्कूला खांद्यावर घेऊन पाठ थोपटायला लागली.