शेळ्यांची जोडी

मुलांच्या बायबल-दिवसाची बैठक चर्चच्या मागच्या खोलीत भरली होती आणि बराच वेळ झाला तरी तारवाचं नाव कुणी काढत नव्हतं. पाळकसाहेब सतरंज्या पुरतील का, ते विचारत होते. ऑर्गन वाजवणाऱ्या मावशी बिस्किटं की केक यावर घोळ घालत होत्या. दरवर्षी नोहा होणारा प्लंबर दाढी कुरवाळत पंख्याकडे बघत होता. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि माझ्या तोंडाकडे बघायचं सगळे टाळत होते, कारण मी त्या जुळ्या मुलींची आत्या.

आमच्याकडे हा दिवस नेहमी एकाच तऱ्हेनं संपतो. सकाळभर गाणी, चित्रं, गोष्टी होतात आणि शेवटी मुलं प्राण्यांच्या जोड्या होऊन नोहाच्या तारवात शिरतात. तारू माझ्या दादानं बनवलंय. तो सुतार आहे, त्यामुळे फळ्या सुट्या करून ठेवता येतात, खिळा एकही बाहेर आलेला नसतो. मुलांनी दोघादोघांनी हात धरून उतरत्या फळीवरून चढायचं. दारात प्लंबर "कोण आलंय?" म्हणून दरडावतो, मग जोडीनं आपल्या प्राण्याचा आवाज काढायचा आणि आत जायचं. कोण कुठला प्राणी आणि कुणाचा जोडीदार कोण, ते आदल्या रविवारी टोपीतल्या चिठ्ठ्या ठरवतात. एकट्याला आत घेत नाहीत. मुलांची संख्या विषम भरली तर एखादं मोठं माणूस जोडीला जातं. मागं एकदा प्लंबरची आई पाणघोडा झाली होती आणि तिचा आवाज ऐकून निम्मी पोरं रडायला लागली होती.

चिठ्ठीतून सूट होती ती फक्त दोघींना, दादाच्या जुळ्या मुलींना. घरात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे, जन्मात काही मिनिटांचंच अंतर असलं तरी. पहिल्या वर्षी थोरलीला शेळी आली आणि धाकटीला घुबड. दोघींनी असा आकांत मांडला की पाळकसाहेबांनी घाईघाईनं दोघींनाही शेळ्या करून टाकलं आणि ते कायमचंच झालं. पुढं एकदा त्यांनी सुचवून पाहिलं की शास्त्रात मेंढरांबद्दल जरा बरं लिहिलंय, तेव्हा मेंढ्या व्हा. थोरली म्हणाली, "मेंढ्यांना उड्या मारता येत नाहीत." पाळकसाहेब गप्प बसले. तिच्यापुढं भलेभले गप्प बसायचे.

थोरली या थंडीत गेली. ताप आला, डोक्यात गेला, आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. आठ वर्षांची होती. याहून जास्त मला सांगता येत नाही.

"यंदा नोहाऐवजी योनाची गोष्ट घेऊ या का?" शेवटी पाळकसाहेब म्हणाले. "मोठा मासा करता येईल. मुलं एकेक करून त्याच्या पोटातून सरपटत बाहेर येतील."

"एकेक करून," मावशी पटकन म्हणाल्या. "छान."

"मग मी कोण?" प्लंबरनं विचारलं. "मासा?"

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि एरवी त्याची टर उडवायची एकही संधी मी सोडत नाही. खरं सांगायचं तर माझा जीव भांड्यात पडला होता. धाकटीला तारवासमोर एकटी उभी बघायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, मासा माझ्याकडे लागला. मी बुटांच्या दुकानात कामाला आहे, खोक्यांना तोटा नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि प्रार्थना करून आम्ही उठलो. धाकटीला विचारावं असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोकी घेऊन मी दादाकडे गेले. वहिनी आतल्या खोलीत मशीनवर बसली होती. ती लोकांचे कपडे उसवून, आत घेऊन, सैल करून देते. दादा टेबलाशी बसून कुठल्यातरी खिडकीचं माप काढत होता. मी जमिनीवर बसकण मारली आणि माशाचे खवले कापायला घेतले. धाकटी शेजारी येऊन बसली, एक खवला उचलला, उलटसुलट केला.

"तारू का नाही?" तिनं विचारलं.

"दरवर्षी तेच तेच काय करायचं?"

"माझ्यामुळं ना?"

"कोण म्हणालं?"

"सगळी म्हणतात. तुझ्यामुळं तारू बंद केलं, म्हणतात." तिचा आवाज रडका नव्हता. पाऊण वर्गानं तिला हे ऐकवून झालं असावं. "रागानं नाही म्हणत. नुसतंच म्हणतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोरांवर नाही, आमच्यावरच. आम्ही मोठ्या मायेनं तिच्या पाठीवर आणखी एक ओझं ठेवलं होतं.

"तुला तारू हवंय?"

तिनं मान डोलावली. मग दाराकडे एकदा बघून हळूच म्हणाली, "आत्या, मला चिठ्ठी काढायचीय. मी कधीच काढली नाही."

आतलं मशीन थांबलं. वहिनीचे कान तसेही तिखट, आणि थोरली गेल्यापासून तर घरातली भांडी हलली तरी तिला कळतं. ती दारात येऊन उभी राहिली.

"तुला कशाला चिठ्ठी?" ती म्हणाली. "तू शेळी आहेस."

"आई, पण जोडी लागते."

"तारू करायचं असेल तर करा. माझी ना नाही." हे ती माझ्याशी बोलत होती. "ती शेळी होऊन जाईल. शेजारची जागा रिकामी ठेवा. ती जागा तिच्या बहिणीची आहे, तिथं दुसरं कुणी यायचं नाही."

"वहिनी, ऐक तरी," मी म्हटलं.

"काय ऐकू? तिचं अंथरूण काढा म्हणाले, मी काढलं. तिचं दप्तर शाळेनं परत पाठवलं, मी घेतलं. आता ही पण जागा भरून टाकायची?"

दादानं पेन्सिल खाली ठेवली, आणि तो मापाच्या कागदाकडे बघत राहिला. थोरलीची शवपेटी त्यानं स्वतःच्या हातानं केली होती, दुसऱ्याला हात लावू दिला नव्हता. तेव्हापासून तो घरात असाच बसतो.

धाकटीनं अगदी साधं विचारलं, "पण आई, मी हात कुणाचा धरू?"

वहिनीच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. ती आत गेली. मशीन काही पुन्हा चालू झालं नाही. मी ते खवले खोक्यात कोंबले आणि घरी आले. वाटेत मला वहिनीचा राग येत होता, आणि तिच्या जागी मी असते तर मी अख्खं चर्च डोक्यावर घेतलं असतं, हेही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांच्या घरी गेले तेव्हा ते जेवत होते. मी जेवू दिलं नाही. म्हटलं, मासा रद्द. तारू होणार, चिठ्ठ्या पडणार आणि टोपीत सगळ्यांचे हात जाणार. ते म्हणाले, "तिच्या आईला दुखेल." मी म्हटलं, "दुखतंच आहे. योनानं काय थांबणार आहे?" ते बिचारे भले गृहस्थ. मयताच्या वेळी बोलताना त्यांचाच आवाज फुटला होता आणि वाक्य मावशींनी पुरं केलं होतं. ताटाकडे बघत ते म्हणाले, "मीच विचारायला हवं होतं तिला."

वहिनीला मीच जाऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि हातातली पँट उसवत राहिली. "तुमचं चर्च, तुमचं तारू," एवढंच म्हणाली. त्या रविवारी ती उपासनेला आली नाही. धाकटीला न्हाऊ घालून, केस विंचरून तिनं दादाबरोबर पाठवलं, म्हणजे तिचा राग पोरीवर नव्हता. दादा शेवटच्या बाकावर बसला.

उपासना झाल्यावर मुलं पुढं गोळा झाली. टोपी प्लंबरची होती आणि तिला पाइपाच्या गंजाचा वास येत होता. धाकटीची पाळी आली तेव्हा सगळे मोठे एकाएकी कामाला लागले. कुणी गीतांची पुस्तकं रचायला लागलं, मावशी ऑर्गन पुसायला लागल्या, पुसलेलाच. तिनं हात घातला, बराच आत, आणि चिठ्ठी उघडून वाचली. "गाढव."

दुसरं गाढव प्लंबरच्या मुलाला आलं होतं. त्याला सगळे भोंगा म्हणतात. तो कुजबुजला तरी रस्त्यापर्यंत ऐकू जातं. आमच्यापैकी कुणीतरी त्याला बजावून ठेवायला हवं होतं, नीट वाग म्हणून. ते राहून गेलं आणि तेच बरं झालं. त्यानं तिला वर-खाली न्याहाळलं आणि म्हणाला, "ओरडायचं काम माझं. तू नुसत्या लाथा मार."

"मी पण ओरडणार."

"बरं, मग ओरडून दाखव."

तिनं ओरडून दाखवलं. भोंग्यानं वरची पट्टी लावली. तिनं त्याच्याही वरची लावली आणि मग तिला हसू फुटलं, पोटातून, सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं. थंडीनंतर पहिल्यांदाच. क्षणभरानं तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि मागं वळून बाकांवर आईला शोधलं. वहिनी घरी होती. शेवटच्या बाकावर दादा गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

परत जाताना दादा मुद्दाम मागं रेंगाळला आणि धाकटी माझं बोट धरून चालत राहिली. वाटेत ती बरंच बोलली. गाढवाला शेपटी कशी असते, टोकाला गोंडा असतो का, भोंगा उजवीकडं उभा राहील की डावीकडं. त्यांच्या गल्लीशी आल्यावर ती थांबली.

"आत्या, तिला कळेल का?"

"काय?"

"मी आहे ते. आम्ही शेळ्याच असतो ना. ती वरून शेळ्यांतच बघेल. मी गाढवांत असले तर ती मला ओळखेल का?"

गावभर मला फटकळ म्हणतात. कुठल्याही प्रश्नाला माझ्या जिभेवर उत्तर तयार असतं. रविवारच्या शब्बाथ शाळेत इतकी वर्षं मी मुलांना स्वर्गाबद्दल काय काय सांगत आले, फळ्यावर ढग काढून दाखवले. त्यातला आत्ता एकच शब्द हाती लागला. "ओळखेल," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच खोटा वाटला. धाकटीलाही वाटला असणार. तिनं माझं बोट सोडून दिलं.

घराचं दार उघडंच होतं. वहिनी मशीनपाशी बसलेली, हातात काम नव्हतं. आमची वाट बघत होती, हे लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

"काय आलं?" तिनं विचारलं.

"गाढव."

"आणि बरोबर कोण?"

"भोंगा."

मला वाटलं, आता ती उठून आत जाईल. ती धाकटीकडे बघत राहिली. दोघी बहिणींचा चेहरा एकच होता, त्यामुळे धाकटीकडे बघताना तिला नेमकं कोण दिसतं ते मी कधी विचारलेलं नाही.

"गाढवाचे कान लांब लागतात," वहिनी म्हणाली.

कपाटाखालच्या कापडांच्या गठ्ठ्यातून तिनं राखाडी पट्टा ओढून काढला. धाकटीला पुढ्यात उभं करून डोक्यावरून बोटं फिरवली, दोन कानांमधलं अंतर वितीनं मापलं. मग कापडाची घडी घातली, खडूनं रेघ मारली आणि कात्री चालवली. तिचा हात या कामात फार सफाईचा. कान सुटून टेबलावर पडले तेव्हा ते चार होते.

तिनं घडी दुहेरी घातली होती. या पोरींचं काहीही कापताना ती दुहेरीच घालायची, झबल्यांपासून. कुणी सांगायला लागत नव्हतं, हातच तसा चालायचा. आत्ताही चालला होता.

दादा तेवढ्यात दारात आला होता. त्यानं टेबलावर पाहिलं आणि तो तिथंच थांबला. वहिनीनं कात्री खाली ठेवली. दोन कान तिनं बाजूला सारले आणि दोन उचलून मुठीत घेतले, छातीशी धरले, आणि ती रडायला लागली. मयताच्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. तेव्हा तिला सगळ्या पाहुण्यांचं बघायचं होतं. आता तिचा आवाज बंद करायला कुणीही पुढं झालं नाही, मीही नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मलाही आवरलं नाही.

धाकटी रडली नाही. ती आईचा भर ओसरेपर्यंत थांबली. मग जवळ गेली.

"आई," ती म्हणाली, "भोंग्याची आई शिवत नाही. त्याला पण कान लागतील."

वहिनीनं मान हलवली. "हो," ती म्हणाली. "लागतील."

"मग देतेस?"

"देते."

धाकटीनं हात पुढं केला. वहिनीची मूठ काही उघडेना. ती उघडायला बघत होती, बोटं हलताना मला दिसत होती. धाकटीनं घाई केली नाही. हात तसाच पुढं धरून ती आईसमोर उभी राहिली.