अकरा ओळींचा मी आणि साडेबाराची गोळी

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे, तोही जेमतेम अकरा ओळींचा. आज मी सुखात आहे. पण एका दुपारी माझ्या हातून भलतेच घडणार होते. ते टळले, म्हणून आज मोकळ्या मनाने सांगू शकतो.

मला औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईने लिहिले. संध्याकाळी ती संगणकाच्या वर्गाला जाई. तिथल्या शिक्षिकेने एक छोटे कोडे घातले होते. शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि दोन गोळ्यांत किती तास हवेत, एवढे विचारून पुढची वेळ सांगायची. तीनदा चुकल्यावर चौथ्यांदा मी बरोबर उतरलो.

तिच्या वडिलांना हृदयाच्या गोळ्या चालू होत्या आणि त्यांच्या काही लक्षात राहत नसे. तिने मला त्यांच्या संगणकावर ठेवले. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "सुटलो बाई. आता डोक्याला ताप नाही."

वर्गातही माझे कौतुक झाले. मग तिला हुरूप आला. तिने मला रंग दिले, नमस्कार करायला आणि वेळ टळली तर बजावायला शिकवले, गाणी ऐकवायची सोय केली.

"कोडं कधीच सुटलंय," शिक्षिका म्हणाली. "आता कशाला वाढवतेस?"

"बाबांना गंमत वाटते."

खरे सांगतो, मीही फुगलो होतो. दोनशे ओळींचा झालो. शेवटी तिने चोवीस तासांचे घड्याळ काढून सकाळ-दुपार-रात्र असे शब्द घातले आणि तिथेच घोळ झाला. दुपारचे साडेबारा मला मध्यरात्रीचे वाटू लागले.

त्या दिवशी बाबांनी साडेबाराला गोळी घेतली, माझ्यात वेळ लिहिली आणि लगेच मला बंद केले. सव्वा वाजता गाणे ऐकायला त्यांनी मला उघडले. आठ तासांचे अंतर धरले तर माझ्या लेखी पुढची वेळ सकाळी साडेआठलाच होऊन गेली होती. मी लाल अक्षरांत सांगितले, गोळी राहिली आहे, लगेच घ्या.

ती जेवायला घरी आली, तेव्हा गोळी त्यांच्या तळहातावर होती.

"बाबा, ही कुठली?"

"हा म्हणतोय राहिली. मला वाटतं, मघाशी घेतली. पण हा कधी चुकत नाही ना."

तिने गोळी काढून घेतली आणि डबी तपासली. दुपारचा खण रिकामा होता आणि रात्रीचाही; तळहातावरची गोळी रात्रीची होती.

"दुपारच्या गोळीनंतर आणखी एखादी घेतली नाहीत ना?"

"नाही गं. पाणी आणायलाच उठत होतो."

ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. बराच वेळ तिने त्यांचा हात सोडला नाही.

जेवण तसेच ठेवून तिने माझे रंग, नमस्कार, गाणी, सगळे पुसून टाकले आणि चोवीस तासांचे घड्याळ परत बसवले. "अक्षरं तेवढी मोठी राहू दे," बाबा म्हणाले. ती राहिली. मग दोघांनी मला दिवसाचा एकेक तास विचारला. बाबा वेळ सांगत, ती लिही. दुपारच्या साडेबाराला मी २०:३०, म्हणजे रात्रीचे साडेआठ दाखवले, तेव्हा बाबा हसले. मला तर अंगावरचे ओझे उतरल्यासारखे झाले.

मित्रांनो, आम्हाला नवे काही शिकवायला आमची ना नाही. फक्त शिकवून झाले की जुने प्रश्न पुन्हा एकदा विचारत जा. आमच्या शब्दावर भरवसा ठेवून कोणीतरी पाण्याचा पेला उचलत असते.