खाड्याचा दिवस

मरून चार वर्षं झाली, तरी माहा लहान भाऊ गुलाब खाड्याच्या दिवशी येतेच. ओट्यावर उकिडवा बसते अन् इचारते, "ताई, गोळी घेतली?" जित्ता होता तवा माह्यं काही ऐकत नव्हता. एकदाच ऐकलं, अन् त्यातच गेला.

आमा दोघाईले हेपटायटिस बी, आईपासूनच आलेला. माह्या तं किडन्याई शुगरनं अर्ध्या गेल्या. जुन्या गोळीले रोग जुमानेना, म्हून भंडाऱ्याच्या डॉक्टरनं दुसरी लिहून देली. म्हणे, "सत्यभामाबाई, ही दिवसाआड घ्या. रोज घेतली तर किडनी जाईल, सोडली तर लिव्हर जाईल. मनानं काही करू नका." एक दिवस गोळीचा, एक खाड्याचा. सोपं आहे नं? कायचं सोपं बापा!

डबीत तीस गोळ्या. साठ दिवस पुराले पाहिजे होत्या. चाळीसाव्या दिवशी डबी खाली! मी प्रफुल्लवर उखडली. प्रफुल्ल गुलाबचा पोरगा. त्याची माय आधीच गेली होती, बाप गेल्यापासून माह्यापाशीच राहते, मोहाडीच्या तहसीलात नोकरीले जाते.

"कोण हात लावते रे माह्या औषधाले?"

"आत्या, तूच घेते. खाड्याच्या दिवशीई घेताना पाहिलं मी तुले. ओट्याकडे पाहून म्हणते, 'घेतली रे बाबू, घेतली.' मले वाटलं, डॉक्टरनं रोजची केली."

माय वं! मले त्यातलं काहीच आठवे नाई. रक्त तपासलं तं किडनीचा आकडा चढलेला. डॉक्टर म्हणे, असंच चाललं तर दिवाळीच्या आत डायलिसिस.

पुढच्या खाड्याले गुलाब आला. डोळे हळदीसारखे, पायाले गुडघ्यापर्यंत धानाच्या बांधीतला चिखल. रोवण्याच्या दिवसातच गेला होता तो.

"ताई, गोळी घेतली?"

हात डबीकडे गेलाच होता. मी तो मांडीखाली दाबला.

"नाई घेतली! आज खाडा आहे. अन् तू काहून इचारते रे मले? तुह्या रिपोर्टात रोग दिसला नाई, तवा 'आता गोळी कायले खाते, बंद कर' कोण म्हणलं? मीच. डॉक्टरले इचारलं नाई. तीन महिन्यात तू पिवळा होऊन गेला. अन् मी साऱ्याइले सांगितलं, त्यानंच मनानं सोडली. खोटं बोलली मी. मीच मारलं तुले, गुलाब!"

ओटा खाली झाला. मले बरं वाटलं, खरंच वाटलं. मंग मागं वळून पाहिलं तं दारात प्रफुल्ल उभा, हातात डबा, नोकरीले निघालेला.

तो तसाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पाणी अन् गोळी आणून समोर ठेवली.

"आज गोळीचा दिवस आहे," म्हणला. आत्या म्हणला नाई.

तवापासून एकही गोळी चुकली नाई, एकही जास्त गेली नाई. आकडा उतरून राहिला, डॉक्टर खूश. गुलाब आता येत नाई.

खाड्याच्या दिवशी ओट्यावर प्रफुल्ल बसते, बापासारखाच उकिडवा. मले काहीच इचारत नाई.