छिन्नीचं पाणी

येलवालच्या रस्त्यावर व्यासराजचं लोहारकामाचं दुकान सकाळी सातला उघडायचं, पण त्याआधीच बाहेर चार-पाच दुचाक्या लागलेल्या असायच्या. कुणाचा कोयता, कुणाची कुदळ. खाणीवरच्या छिन्न्या तर पोत्यानं यायच्या. हुणसूरपर्यंत छिन्नीला पाणी द्यावं ते व्यासराजनंच, असं लोक म्हणत. त्यापायी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यानं दोनदा पुढं ढकलली होती. महिनाभर भट्टीपासून लांब राहायचं कसं?

एका सकाळी खाणीवरचा रघु आला. भुवईवर पट्टी.

“अण्णा, छिन्नीचं टोक फुटलं. कपची इथं घुसली. डोळा वाचला, बघा.”

व्यासराजनं तुकडा बोटांनी चाचपला. टोक काचेसारखं ठिसूळ राहिलं होतं. तापवून विझवलेल्या छिन्नीवर टोकाकडं रंग सरकत येतात, पिवळा, तपकिरी, मग जांभळा. जांभळा आला की पुन्हा बुडवायची. पण त्याला हल्ली सगळंच पिवळट दिसायचं. तो अंदाजानं बुडवत होता.

“रघु, मला दिसत नाही रे. दुसरीकडं ने.”

“दुसरीकडं कुठं? ह्या वीस आणल्यात. माणसं बसून आहेत.” रघुनं पोतं खाली ठेवलं.

कॉफी घेऊन आलेली त्याची बायको नागरत्ना सगळं ऐकत होती. तिचं माहेर रंगाऱ्यांचं. कापडावरचा रंग कधी पिकला ते तिला लहानपणापासून कळायचं.

“तुम्ही सांडशीत धरा हो. रंग मी सांगते.”

ती भट्टीजवळ वाकली. “पिवळा... अजून पिवळाच... बेगा, लवकर, आता बुडवा!”

वीसच्या वीस छिन्न्या टिकल्या. त्यानंतर लोक दारातूनच विचारू लागले, “अक्का आहेत ना?”

मग व्यासराजनं शस्त्रक्रिया करून घेतली. नागरत्नाला वाटलं, महिनाभर दुकान बंद, म्हणजे पुण्याला लेकीकडं जाता येईल. सुमाचे दिवस भरत आले होते. डोळ्यांत औषध घालायला शेजारची तुळसी तयार होती. तिकीटही काढून झालं.

चौथ्या दिवशी रघु दोन माणसं घेऊन घरी आला. “अक्का, घण आम्ही मारतो. तुम्ही नुसता रंग सांगा. खाणीतलं काम अडलंय.”

नागरत्नानं नवऱ्याकडं बघितलं. काळा चष्मा लावून तो पलंगावर बसला होता. ‘ती येणार नाही’ एवढं त्यानं म्हणायला हवं होतं.

“दोनच दिवस जा,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक तुटलं तर परत येत नाही.”

दोनाचे अकरा झाले. गाडी गेली. सुमाला मुलगी झाली, तेव्हा नागरत्ना दुकानात होती. काजळी लागलेल्या हातांनी तिनं फोन कडेनं धरला आणि पडद्यावरचं इवलंसं तोंड बघितलं.

“अम्मा, कधी येतेस?” सुमानं विचारलं.

ती बोलणार, तोच मागून रघु ओरडला, “अक्का, रंग!”

तिनं फोन खाली ठेवला आणि वळली.

“जांभळा,” ती म्हणाली. “बुडव.”